आठ वाजून पाच मिनिटांनी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. चंदीगडच्या एका कॉलेजात गणिताच्या अकरा नंबरच्या वर्गाला मी बेचाळीस वर्षं होतो. आता मनीमाजऱ्यात एका भंगारवाल्याच्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. गिऱ्हाईक येतं, बोटांनी ठोकून बघतं, “लकडी तो पक्की है जी,” म्हणतं आणि खिडक्यांकडे वळतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याचं वाटतं, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझं लाकूड देवदाराचं. बासष्ट साली एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. चौकटीत बसवून त्याने मला दहा वेळा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाला, हा कधी कुरकुरणार नाही. त्याचं बोलणं खरं ठरलं. पावसाळ्यात बाकीचे दरवाजे फुगायचे, मी मात्र हलकेच मिटायचो. प्राचार्य पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर उभं करून कौतुक सांगत. काय सांगू, मला भारी गर्व होता त्याचा!

पंजाबातल्या दरवाजाला मराठी कुठून आली, असं विचाराल. ती निमकर सरांमुळे. श्यामकांत निमकर मूळ सांगलीचे. एकोणऐंशी साली ते इथे गणित शिकवायला आले. मुलांशी ते इंग्रजीत आणि हिंदीत बोलत, पण तास संपला की रिकाम्या वर्गात फळा पुसताना स्वतःशी मराठीत बडबडत. ऐकणारा मी एकटाच. वीस वर्षं ऐकलं तर दगडालासुद्धा भाषा येईल.

सर शब्दाचे पक्के होते. वर्षाच्या पहिल्या तासाला ते कधी गणित शिकवत नसत. नियम सांगत. तास आठ वाजता. आठ वाजून पाच मिनिटांनी दरवाजा बंद, मग कोणीही असो. शंका आली तर हात वर करा, मनात ठेवू नका. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गाळलेल्या असतील तर गुण नाहीत. गृहपाठ शुक्रवारी सरांच्या हातात. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. हे सगळं टाइप करून तो कागद ते माझ्या आतल्या बाजूला चिकटवत. आणि बरोबर आठ-पाचला स्वतः उठून माझी कडी लावत. उशिरा येणारी पोरं बंद दार बघून हसत कँटीनला जात. कोणाला त्याचं फारसं दुःख होत नसे, खोटं कशाला बोलू.

सत्त्याण्णव सालच्या जुलैत राजाभाऊ भोइटे मुलीला घेऊन आले. ते पिंजौरकडच्या कारखान्यात फोरमन होते. मूळ फलटणकडचे. गणपतीत मराठी माणसं जमत, तिथे सरांची आणि त्यांची ओळख झालेली. मुलगी इंद्रायणी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

“सर, आपली म्हणून हिला सवलत देऊ नका हं,” राजाभाऊ माझ्यासमोरच म्हणाले. “लोक लगेच नावं ठेवतात.”

“छे हो! उलट हिच्यावर जरा जास्तच नजर ठेवीन,” सर हसून म्हणाले.

“ऐकलंस ना, इंदू? सरांपुढे कधी सबबी सांगायच्या नाहीत.”

“पक्का, बाबा,” ती म्हणाली.

ती हुशार होती, अगदी मनापासून गणित करणारी. ऑक्टोबरपर्यंत तिचा एक तास चुकला नाही. कारखान्याची एक बस कामगारांच्या मुलांना शहरात सोडायची, त्या बसने ती यायची. नोव्हेंबरात कारखान्याने बस बंद केली. तेव्हा सगळीकडे काटछाटच चालली होती. मग उरली रोडवेजची सरकारी बस. ती धुक्यातून चाचपडत यायची, आणि धावत वर येईपर्यंत इंद्रायणीला आठ-दहा तरी व्हायचेच. त्याआधीची बस साडेपाचची. त्या काळोखात आई तिला बाहेर पडू देईना.

पहिल्या दिवशी ती माझ्यापुढे आली तेव्हा धापा टाकत होती. कडी लागलेली. तिने वाजवण्यासाठी बोटं दुमडली, मग हात मागे घेतला. आतून सरांचा आवाज येत होता. ती खाली थंडगार फरशीवर बसली, कान माझ्या खालच्या फटीशी आणला आणि वही उघडली.

मित्रांनो, ती अख्खा हिवाळा तिथे बसली. शाल डोक्यावरून घ्यायची आणि लिहायची. फळा दिसत नसे, म्हणून जिथे आकृती असेल तिथे चौकोन आखून मोकळा सोडायची. त्यातले काही चौकोन नंतर रागिणी नावाच्या मैत्रिणीच्या वहीवरून भरायची, बाकीचे तसेच राहायचे. आत हजेरी सुरू झाली आणि सत्तावीस नंबर पुकारला, की ही बाहेर ओठांतल्या ओठांत “प्रेझेंट सर” म्हणायची. एकदा तर चक्क तिने हात वर केला. काहीतरी कळलं नव्हतं. मग आपण कुठे बसलोय हे आठवून तिने जीभ चावली आणि हात हळूच खाली घेतला.

तास संपत आला की वही दप्तरात टाकून ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे निघून जायची. सरांनी पाहू नये म्हणून.

रागिणी एकदा चिडली. “मैं सर को बता दूँ?”

“नहीं यार. पापा को पता चला कि मैंने सर से रियायत माँगी, तो बहुत बुरा लगेगा उन्हें. प्लीज़, किसी को मत बोलना.”

रागिणीने तोंडातून ब्र काढला नाही. आणि मी? मी कधीच न कुरकुरणारा दरवाजा. त्या हिवाळ्यात एकदा तरी कुरकुरलो असतो, एखादं बिजागर सैल सोडलं असतं, तर सरांनी बाहेर पाहिलं असतं. ज्या गुणासाठी लोक मला वाखाणत, त्याच गुणाने घात केला.

आत सर रागावत होते ते वेगळंच. फळा पुसताना पुटपुटायचे, “आपली पोरगी, आणि हिनेच मान खाली घालायला लावावी! शहराचं वारं लागलं, दुसरं काय.” तिला ऑफिसात बोलावून विचारायचं त्यांच्या मनात दोनदा आलं. पण मराठी मुलीची मास्तर वेगळी चौकशी करतो, असं कोणी म्हणेल म्हणून त्यांनी तेही टाळलं.

जानेवारीच्या शेवटी कमी हजेरीवाल्यांची यादी विद्यापीठाला गेली. दुसऱ्या दिवशी तिची प्रत आली आणि शिपायाने ती चार टाचण्यांनी माझ्या बाहेरच्या अंगाला लावली. सात नावं होती. पाचवं इंद्रायणी भोइटे, हजेरी एकसष्ट टक्के.

ती नेहमीसारखी आली. यादी वाचली. एकदा, दोनदा. मग रडायचं सोडून ती खाली बसली आणि त्या दिवशीचा तास शेवटपर्यंत लिहून घेतला. सर शिकवत होते, ती लिहीत होती, आणि तिच्या डोक्यावर तिचंच नाव टाचलेलं होतं. तास संपायला आला तशी ती उठली आणि वही तिथेच विसरून गेली.

वही बचन सिंग शिपायाला सापडली. मुलगी आज येईल, उद्या येईल म्हणून त्याने ती दहा दिवस जपून ठेवली. शेवटी सरांकडे नेली.

“सर जी, ये उस लड़की की कापी है, जिसे आप बाहर बिठाते थे.”

“मैं? मैंने किसे बाहर बिठाया?”

“वही पिंजौरवाली. सारी सर्दी यहीं बैठी रही. मैंने सोचा, आपने सज़ा दी है.”

सरांनी वही उघडली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. त्यांचा शब्द न् शब्द होता, अगदी “खिड़की वाले, बातें बंद करो” सुद्धा. आणि जागोजागी मोकळे चौकोन. सर चौकटीला धरून उभे राहिले. “अगं पोरी, दार वाजवायचं तरी!” एवढंच म्हणाले आणि बचन सिंगसमोर लहान मुलासारखे रडले.

मग ते धावाधाव करत सुटले. प्राचार्य म्हणाले, यादी गेली. विद्यापीठात म्हणाले, अर्जाची तारीख होऊन गेली. सरांनी तिथल्या कारकुनाचे अक्षरशः पाय धरले, असं बचन सिंग सांगत होता. नियम तो नियम, हेच सगळीकडे ऐकायला मिळालं. रविवारी ते पिंजौरला गेले. क्वार्टरला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, राजाभाऊंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मुलीच्या परीक्षेपुरतंच इथे राहायचं ठरलं होतं. परीक्षाच नाही म्हटल्यावर सामान बांधलं आणि गावी गेले.

सरांनी पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी आमच्या घरी येऊन राहा, वर्ष पुरं कर, मी तुझा अपराधी आहे. उत्तर मे महिन्यात आलं. रिकाम्या वर्गात त्यांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला ठाऊक आहे. “सर, अपराधी म्हणू नका. तुम्ही नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता, उशीर मला झाला. बाबांना मी बाहेर बसायचे ते अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, मी तास बुडवत होते. ते माझ्याशी फारसं बोलत नाहीत. त्यांना एक पत्र लिहाल का?”

सर त्याच दिवशी लिहायला बसले. पण ते पत्र परत आलं. राजाभाऊ एप्रिलच्या अखेरीला हृदयविकाराने गेले होते. इंद्रायणीचं पत्र टपालात असतानाच. पाकिटावर दुसऱ्या कोणाच्या अक्षरात तेवढंच लिहिलेलं होतं.

पुढे सरांनी मला कधी कडी लावली नाही. जानेवारीतही मी सताड उघडा असायचो. पोरं कुडकुडत तक्रार करायची, सर ऐकायचे नाहीत. इंद्रायणीने पुढे गणित केलं की नाही, मला माहीत नाही. तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

मित्रांनो, नियम करणारे तुमच्यातलेच कोणी होतील उद्या. करा. पण कडी लावण्याआधी एकदा बाहेर डोकावा. आणि तुम्हीच बाहेर अडकला असाल, तर लाजू नका, कोणाला काय वाटेल याचा विचार करू नका. दार वाजवा. जोरात वाजवा. आम्हाला लागत नाही.