कासऱ्याचा वेढा

सरुबाईनं धपाट्यांच्या गठुड्यात विळा लपवला होता आणि तो नेमका पार्किंगमध्ये संभाजीच्या हाताला लागला.

"आई, समुद्रावर कडवळ कापायला चाललीस का?"

"असू दे. काकडी चिराया लागंल."

"काकडीला विळा?"

सरुबाईनं लेकाच्या हातातून गठुडं ओढून घेतलं, गाडीत मागे जाऊन बसली आणि ते मांडीवर घट्ट धरलं. वाघोलीतली त्यांची जमीन जाऊन दहा वर्षं झाली होती. तिथं सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत, सातव्या मजल्यावर, हे कुटुंब राहायला आलं. गोठ्यातलं सगळं सामान भंगारात गेलं, हा विळा तेवढा राहिला. लग्नाला जायचं असो की देवाला, तो तिच्या पिशवीत असायचाच. एकदा दवाखान्याच्या दारावर वॉचमननं तो काढून ठेवायला सांगितला, तर ही बाहेर पायरीवर बसून राहिली, पण विळा सोडून आत गेली नाही. घरातले हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातंय? त्यामागचं कारण तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

कारण होतं बजरंग, तिचा धाकटा दीर. बावीस वर्षांपूर्वी तो शर्यतीचा खोंड ओढ्यावरून घेऊन येत होता. या घरातल्या पुरुषांना एक भलतीच खोड होती. जनावर ओढ घेऊ लागलं की कासरा सैल सोडायचा सोडून हे मनगटाला वेढे द्यायचे. कासरा सुटला तर गावात नाक कापलं जाईल याची भीती, हात तुटेल याची नाही. त्या दिवशी कुणाच्या तरी वरातीतला फटाका फुटला आणि खोंड उधळला. बजरंग वेढ्यासकट फरफटत गेला. बांधावरच्या बाभळीला कासरा अडकला आणि खोंड तिथंच बजरंगला घेऊन गरगर फिरायला लागला. चार-पाच श्वासांचा वेळ असेल, जास्त नाही. बाभळीपासून वीस पावलांवर सरुबाई जनावरांसाठी कडवळ कापत होती, विळा तिच्या हातात होता. धावायचं आणि कासरा कापायचा, एवढंच काम. पण तिचे पाय जमिनीला खिळले. साधं ओरडताही आलं नाही. मग बाभळीतून कासरा निसटला, खोंड पुढं पळाला आणि बजरंग संपला.

तिचा नवरा दत्तोबा धावत आला तो सगळं आटोपल्यावर, विहिरीच्या मोटारीकडं होतो म्हणाला. लोक जमले तेव्हा सरुबाईचा विळा कडवळाखाली गेला होता. "मी वस्तीवर व्हते, आवाज ऐकून आले," असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. तेव्हापासून तिला एकच धास्ती होती. तशी वेळ पुन्हा आली तर विळा जवळ असेल, पण आपले पाय हलतील का?

आणि आता त्याच घरातला म्हातारा, तिचा नवरा, मासा ओढायला निघाला होता.

संभाजीच्या ऑफिसातल्या आठ जणांनी कोकणातली एक बोट एका रात्रीपुरती ठरवली होती. खोल समुद्रात जायचं, कुपा मासा गळाला लावायचा आणि उजाडल्यावर परतायचं. ऑफिसातली मंडळी त्याला टूना म्हणत. बैल विकल्यापासून दत्तोबा दिवसभर गॅलरीत बसून खाली वळणाऱ्या गाड्या बघत असायचा. "आण्णा, चला की. मणभराचा असतो, माणसाला ओढून नेतो," असं संभाजी म्हणाला आणि म्हातारा खुर्चीत ताठ बसला.

"वढून नेतो? बघू तरी."

नवऱ्याला अडवणं सरुबाईला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, म्हणून ती बरोबर निघाली.

दुपारी चारच्या सुमारास बोट सुटली. पाणी म्हणजे तिला विहीर, कॅनॉल आणि एकदा बघितलेलं खडकवासल्याचं धरण. तिन्हींना पलीकडचा काठ असतो. इथं काठच नव्हता. अंधार पडायच्या आत मागचे डोंगर बुडाले, फोनची रेंज गेली आणि चहूकडे नुसतं काळं, हलणारं पाणी उरलं. सगळ्यांना लाइफ जॅकेटं दिली होती. दत्तोबानं आपलं काढून बुडाखाली घेतलं. "बैलावानी झूल काय घालायची," म्हणाला. संभाजीनं दोनदा सांगितलं आणि नाद सोडला. संभाजीच्या ऑफिसातला, सदाशिव पेठेतला दिगंबर कठड्याला लोंबकळून ओकून बेजार झाला होता. "माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलंय. समुद्रातलं बाहेर आलं की उठवा," असं सांगून तो आडवा झाला.

बोटीच्या तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यानं, गळाच्या काठ्या वाटल्या. दत्तोबानं काठीची चक्री उलटीसुलटी फिरवून बघितली आणि परत दिली.

"ह्यो खेळ मला नगं. नुसती दोरी असंल तर दे."

तांडेल हसला. त्यानं तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, जाड दोरी गुंडाळलेली फळी आणली, गळाला बांगडा लावला आणि म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. मासा ओढायला लागला की दोरी हातातून जाऊ द्यायची. हाताला वेढा द्यायचा नाय. वेढा दिलात तर तो तुम्हाला घेऊनच जाईल."

"व्हय व्हय," दत्तोबा म्हणाला.

तो 'व्हय व्हय' सरुबाईनं चाळीस वर्षं ऐकला होता. ऐकलं न ऐकल्यासारखं करायचं असलं की तो यायचा. तिनं गठुडं सोडलं, विळा काढला आणि पदराखाली धरून नवऱ्यापासून चार हातांवर बसली.

इंजिन बंद झालं तशी बोट जास्तच डोलू लागली. खालून मधूनच काहीतरी फळीवर आपटल्यासारखा आवाज येई. बाकीचे गप्पा मारत होते, मग पेंगू लागले. सरुबाईची नजर नवऱ्याच्या उजव्या हातावरून हलली नाही. रात्रभर ती पायाची बोटं हलवून बघत होती, हलतायत ना म्हणून. मध्येच एकदा तिनं विचारलं, "अवो, ध्यानात हाय ना त्यो काय म्हनला?"

"किती डोकं खाशील? झोप."

पहाटे चारला पलीकडच्या कडेला कुणाची तरी काठी वाकली आणि चक्री किंचाळत फिरू लागली. एकच गलका उडाला. तांडेल तिकडं धावला, संभाजी धावला, दिगंबरसुद्धा उठून गेला. या कडेला म्हातारा-म्हातारीच राहिली. आणि तेवढ्यात दत्तोबाच्या हातातली दोरी सरकन पळाली.

तो उठला. अंगातली बावीस वर्षं गळून पडल्यासारखा उठला. "हाऽ हाऽ! थांब लेका!" असं तो बैलावर ओरडावं तसं पाण्यावर ओरडला, आणि त्याचा हात फिरला. एक वेढा. दुसरा वेढा.

दोरी ताणली. दत्तोबा ओढीनं दोन पावलं पुढं गेला, पोटावर कठड्याला आपटला आणि अर्धा बाहेर लोंबला. दोरी मनगटात रुतली होती, ती सोडतो म्हटलं तरी सुटणार नव्हती. त्याचा एक पाय फळीवरून उचलला गेला.

सरुबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही. तिनं उठायचं ठरवलं आणि पाय उठले नाहीत. तेच पाय, तसेच खिळलेले. समोर बाभूळ होती, खोंड गरगर फिरत होता. एक श्वास गेला. दुसरा गेला. पलीकडे मंडळी माशाच्या नावानं आरोळ्या ठोकत होती.

मग तिनं पायांचा नाद सोडला. आडवी पडली आणि कोपरांवर, ओल्या फळ्यांवरून, अंग ओढत निघाली. चार हातांची वाट संपता संपेना. नवऱ्याचा दुसरा पायही उचलला गेला तेव्हा तिनं डाव्या हातानं त्याचं धोतर धरलं, कठड्यावर छाती टेकवून वर आली, मनगटापासून वीतभर अंतरावर विळा लावला आणि सगळ्या जिवानिशी ओढला.

दोरी तुटली. दत्तोबा मागच्या मागे तिच्या अंगावर कोसळला आणि तेव्हा कुठं तिच्या गळ्यातून किंकाळी बाहेर पडली.

सगळे धावत आले. संभाजीनं बापाला उचलून बाजूला बसवलं. तांडेलानं बॅटरीच्या उजेडात मनगट बघितलं. दोन वेढ्यांचे दोन घाव होते, रक्त भळभळत होतं, पण बोटं हलत होती. त्यानं घट्ट पट्टी बांधली. पलीकडचा मासाही गोंधळात सुटून गेला होता. दिगंबरनं आपलं जॅकेट म्हाताऱ्याच्या अंगावर घातलं. बोट किनाऱ्याकडे वळली.

फटफटलं तेव्हा दोघं मागच्या बाजूला बसली होती. संभाजी तांडेलापाशी होता. सरुबाईच्या मांडीवर विळा होता आणि तिला आता तो गठुड्यात ठेववत नव्हता. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून आपसूक बाहेर आलं.

"बजरंगभावजी गेलं, त्या दिशी मी वस्तीवर नव्हते. बाभळीपाशीच व्हते. ह्योच विळा हातात व्हता. माझं पाय हाललं न्हाईत."

ती वाट बघत राहिली. तो शिव्या देईल, रडेल, नाहीतर तोंड फिरवेल, असं तिला वाटलं. कशालाही ती तयार होती.

"ठाऊक हाय," दत्तोबा म्हणाला.

"कसं?"

"तुला बघितलं मी. मोटारीकडं नव्हतो, बांधाच्या पल्याड पिकाला पाणी धरत व्हतो. तुझ्यापरीस जवळ व्हतो. माझा सख्खा भाऊ समोर खोंडामागं फरफटत फिरत व्हता आन् मी चिखलात उभा ऱ्हायलो." त्यानं बांधलेल्या हाताकडं बघितलं. "तू आज तरी पोचलीस, सरू. मी अजून तिथंच उभा हाय."

एका घरात, एका चुलीवर बावीस वर्षं काढली होती दोघांनी, आणि त्या बांधाच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, हे त्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. ती पदर तोंडाला लावून पोटभर रडली. त्यानं तिला रडू दिलं.

समोर डोंगर दिसायला लागले तशी तिनं डोळे पुसले, गठुडं सोडलं, धपाट्याचा घास मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्याचा उजवा हात बांधलेला होता.