खोलीचं मिनिट

दादा जाऊन आठ महिने झाले तरी धाकटीने त्याची खुर्ची हलवली नव्हती. खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. एक पाय आखूड, त्याखाली घडी करून घातलेला पुठ्ठा, आणि बसलं की कुरकुरायची म्हणून बैठकीला गुंडाळलेलं जुनं स्वेटर. त्या खुर्चीत बसून दादाने नऊ वर्षांत बहिणीची एकसष्ट गाणी रेकॉर्ड केली होती.

ही भावंडं कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधलेली नव्हती. घराच्या मागच्या खोलीला आतून ब्लँकेटं ठोकायची, गाणं करायचं आणि आपल्या चारशे ऐकणाऱ्यांना सरळ पाठवून द्यायचं, एवढाच कारभार. नावही 'मागची खोली' असंच ठेवलेलं. लिहायचं, गिटार वाजवायची, गायचं आणि शेवटी कापून साफ करायचं धाकटीने, बाकी सगळं दादाने. रविवारी दुपारी गाणं जायचं आणि संध्याकाळपर्यंत निम्मे लोक आपापलं मत कळवून मोकळे. या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का, असं दादा म्हणायचा, पण शेवटचं पत्र वाचल्याशिवाय जेवायला उठायचा नाही.

दादाच्या कामाच्या दोन रीती होत्या. पहिली खोलीच्या मिनिटाची. गाण्याआधी तो बोट वर करायचा, दोघं एक मिनिट गप्प बसायची आणि त्या गप्प बसण्याचंही रेकॉर्डिंग व्हायचं. गाणं कापताना-जोडताना मध्ये जागा राहते. ती नुसती रिकामी सोडली तर कानाला खड्ड्यासारखी लागते, म्हणून तिथे खोलीचीच शांतता भरतात. कालची शांतता आज चालत नाही, असं दादाचं ठाम मत. त्यामुळे गाणी एकसष्ट आणि मिनिटंही एकसष्ट.

दुसरी रीत श्वासाची. धाकटी लहानपणापासून गाण्यात उशिरा शिरायची. म्हणून समोर बसलेला दादा प्रत्येक ओळीआधी चांगला ऐकू येईल असा श्वास घ्यायचा. तो झाला की ती आपला श्वास घेऊन सुरू करायची. माईकमध्ये दोन्ही श्वास यायचे. दुसऱ्या गाण्यात तिने दादाचा श्वास पुसून टाकला होता, तर लोकांनी कल्ला केला, की पहिल्या गाण्यातला तो ओळीआधीचा माणूस कुठे गेला? मग तो राहिला. त्यावरची बारीकसारीक खरखर, शिट्टी, खुर्चीची कुरकुर मात्र धाकटी नऊ वर्षं इमानेइतबारे साफ करत आली. स्वच्छतेचं तिला वेडच होतं.

दादा आजारी पडला तेव्हा तिने चारशे जणांना लिहिलं, की दादाची तब्येत बरी नाही, थोडं थांबा. अकराव्या दिवशी तो गेला. ते मात्र तिने लिहिलं नाही. लिहायला बसली की 'आमचा दादा' एवढे दोन शब्द व्हायचे आणि पुढे हात चालायचा नाही. इकडे पत्रं येतच होती. दादा कसे आहेत? सुधारतायत ना? घाई करू नका म्हणावं. ती मूग गिळून बसली. चारशे घरांत दादा अजून आजारी होता, म्हणजे होता. तिच्या एका ओळीने तो तिथूनही गेला असता, आणि ती ओळ लिहायचं तिच्यात बळ नव्हतं.

आठ महिन्यांनी तिने एकटीने गाणं केलं. खोलीच्या मिनिटासाठी स्वतःच बोट वर केलं, तेव्हा तिला जरा वेड्यासारखं वाटलं. गाणं पूर्ण झालं, परत ऐकायचा धीर झाला नाही. तसंच, एक अक्षर न लिहिता, रविवारी दुपारी पाठवून दिलं.

तासाभरात घड्याळवाल्या काकांचं पत्र आलं. हे काका म्हणजे 'मागच्या खोली'चे सगळ्यात जुने श्रोते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे कान असा, की दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गाण्यातली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पकडून ते किती मागे पडतंय तेही कळवलं होतं. धाकटीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

'दोन मिनिटं अकरा सेकंदांवर ऐकलं,' त्यांनी लिहिलं होतं. 'ओळीआधी श्वास आहे. मग तुमचा. म्हणजे दादा परत खुर्चीत बसायला लागले. जीव भांड्यात पडला बघा.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. तिने हेडफोन लावले. दोन अकरावर एक श्वास होता, मोठा, समोरून आल्यासारखा. त्यानंतर तिचा. मग ओळ. तिला वाटलं, आपण चुकून जुनं मिनिट खाली लावलं असणार. तिने त्या मिनिटाचा ट्रॅक बंद केला, गिटारचाही बंद केला. नुसत्या गळ्यावर परत ऐकलं. श्वास होताच. दोन अकरालाच कशाला, प्रत्येक ओळीआधी होता.

भरदुपारी, खिडकीतून स्वच्छ ऊन येत असताना तिची पाचावर धारण बसली. मान वर करून खुर्चीकडे बघायचं धैर्य होईना. थोड्या वेळाने बघितलं, तर स्वेटर होतं तसं होतं.

सोमवारी तिने दार बंद करून तेच गाणं परत रेकॉर्ड केलं. श्वास आला. मंगळवारी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, तरी आला. बुधवारी खुर्ची पुन्हा सरळ करून ती म्हणाली, "दादा, तू असशील तर एक ओळ सोडून घे." एक ओळ सोडून काही आला नाही, सगळ्या ओळींना आला. पण दादा तरी कधी कुणाचं ऐकायचा? या गोष्टीचं तिला हसू आलं आणि हसता हसता भीती गेली. भीतीच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. तिला आनंद झाला.

गुरुवारी तिने काकांना उत्तर लिहिलं. 'हो. दादा आहे.'

काकांच्या पोटात काय राहतंय! त्यांनी सगळ्यांना कळवलं. पत्रांचा नुसता पाऊस पडला. कुणी लिहिलं, आज कामावर मिठाई वाटली. कुणी लिहिलं, आईला सांगितलं तर आई रडली. धाकटी ती पत्रं खुर्चीकडे तोंड करून मोठ्याने वाचायची.

पलीकडच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन चालायचं. वहिनी पडदे शिवायची. मधली भिंत पातळ, म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की दादा भिंतीवर दोन टकटका मारायचा आणि मशीन थांबायचं. आता टकटक कुणी करत नव्हतं, गिटार कानावर आली की मशीन आपणच थांबायचं. वहिनी मागच्या खोलीत पाऊलच टाकत नव्हती. तिचे डोळे सदा लाल. रात्री झोप नाही, दिवसा मशीनवर मान पडायची, विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

पुढच्या आठवड्यात दुपारी मशीन अचानक थांबलं. दार उघडून वहिनी आत आली. हातात एक खोका, त्यात पांढरं गोल घड्याळ, आणि एक चिठ्ठी.

"हे काय आहे?" वहिनीने विचारलं. "ह्यांच्या नावावर आलंय."

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'दादांस. बरे झालात, फार बरं वाटलं. हे घड्याळ आवाज करत नाही, मी स्वतः तपासलं आहे. खोलीत लावा.'

"कोण बरं झालं गं?" वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू लोकांना काय सांगितलंयस?"

धाकटीला थाप मारून वेळ निभावून नेता आली असती. पण इतके दिवस ती ही गोष्ट सांगायला कुणी मिळावं म्हणून तळमळत होती. ती उठली आणि तिने वहिनीच्या कानांवर हेडफोन चढवले. "मी खोटं नाही सांगितलं. तो येतो, वहिनी. मी गाते तेव्हा येतो. तू ऐक फक्त."

वहिनी कानात प्राण आणून ऐकत उभी राहिली. एकदा ऐकलं. बोटाने खूण करून परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून तिने हेडफोन काढले आणि गुंडाळून टेबलावर ठेवले.

"हा ह्यांचा नाही."

"तुला नाही कळत गं. नऊ वर्षं मी हाच श्वास..."

"तू नऊ वर्षं हेडफोनमध्ये ऐकलास. मी बावीस वर्षं उशाशी ऐकलाय. ह्यांच्या श्वासाला शेवटी शिट्टी असायची. चेंडू लागून नाकाचं हाड वाकडं झालेलं ना! पहिल्या वर्षी मला त्या शिट्टीने झोप यायची नाही. नंतर तिच्याशिवाय यायची नाही." वहिनीने टेबलावरच्या हेडफोनकडे बोट केलं. "ह्यात शिट्टी कुठाय?"

शिट्टी. ती तर धाकटीनेच एकसष्ट वेळा साफ केली होती.

"गा," वहिनी म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. गा म्हणते ना." आणि ती मागे जाऊन उभी राहिली आणि आपला तळहात तिने धाकटीच्या पाठीवर सपाट ठेवला.

धाकटी गायली. ओळीआधी तिची पाठ फुगली, खाली बसली, पुन्हा फुगली, आणि मग ओळ सुरू झाली. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला तिला स्वतःलाच वहिनीच्या हाताखाली ते कळलं. पहिला श्वास ती तोंड उघडून, मोठ्याने, दादासारखा घेत होती आणि गुपचूप सोडून देत होती. मग दुसरा आपला. ओळ अर्धीच राहिली.

"दोन्ही तूच घेतेस, बाळा," वहिनी म्हणाली.

धाकटी त्या खुर्चीत बसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि ओक्साबोक्शी रडली. हॉस्पिटलमध्ये सुद्धा ती अशी रडली नव्हती. दादा दुसऱ्यांदा गेला होता आणि या वेळी तिच्याच छातीतून गेला होता.

वहिनीने तिला रडू दिलं. मग बऱ्याच वेळाने विचारलं, "साफ न केलेलं काहीच नाही का तुझ्याकडे?"

धाकटीने नाक पुसलं. गाण्यांचे तुकडे नव्हते, काम झालं की ती ते उडवून टाकायची. पण मिनिटं होती. गाण्यात लागतील तेवढे चार-दोन सेकंद घेऊन बाकीचं मिनिट ती तसंच ठेवून द्यायची. त्याला हात लावायचं कधी कारणच पडलं नव्हतं. तिने पहिलं मिनिट लावलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. खोलीची बारीक घुमघुम. खुर्चीची कुरकुर. आणि मग, आवाज होऊ नये म्हणून जपून, हळू घेतलेला एक श्वास, ज्याच्या टोकाला केसाएवढी शिट्टी होती.

वहिनीने तोंडावर पदर दाबला. "हे," ती म्हणाली. "हे बघ. हे."

एकसष्ट मिनिटं दोघींनी सलग ऐकली. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत शिट्टी लांबत गेली होती, श्वास उथळ होत गेला होता. त्याचं आजारपण तिथे आधीच येऊन बसलेलं होतं आणि ती शेजारी बसून साफसफाई करत होती. संपल्यावर वहिनी म्हणाली, "हे मला दे." दादाचे मोठे स्पीकरही ती उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, "आणि त्या लोकांना खरं काय ते सांग. खोट्यावर आलेलं ते घड्याळ ह्या घरात लागायचं नाही."

धाकटीने त्या रविवारी लिहिलं. 'आमचा दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. गाण्यात ऐकू येतो तो श्वास माझाच आहे. मला ते माहीत नव्हतं. पण दादा गेलाय हे माहीत होतं आणि ते मी तुमच्यापासून लपवलं. मला माफ करा.'

काहींनी माफ केलं. साठेक लोक न बोलता निघून गेले. मिठाई वाटणाऱ्या माणसाने दोन शब्दांत शिवी लिहिली आणि ती तिने पुसली नाही. घड्याळवाल्या काकांकडून मात्र चांगलं नाही की वाईट नाही, काहीच आलं नाही. तीन रविवार ती त्यांच्या पत्राची वाट बघत बसली. बाकीच्या साठांचं दुःख एकीकडे आणि त्यांच्या गप्प राहण्याचं एकीकडे.

दरम्यान एक गोष्ट बदलली. दुपारी जेवणं झाली की पलीकडचं मशीन थांबायचं आणि वहिनी ती मिनिटं लावून आडवी व्हायची. शांतता पूर्ण आवाजात लावून झोपणारी बाई जगात दुसरी नसेल. पण ती झोपायची. गाढ, चांगली चारपर्यंत.

धाकटीने एकच श्वास घ्यायचा सराव केला. आठ दिवस ती प्रत्येक ओळीत उशिरा शिरली, लहानपणी शिरायची तशी. नवव्या दिवशी दुपारी एक गाणं धड जमलं. रात्री नको, सकाळी कापू, म्हणून तिने ते तसंच ठेवलं. सकाळी हेडफोन लावून ती गाण्याच्या शेवटाशी आली. गिटारची शेवटची तार विरत गेली, आणि त्या विरण्याच्या मागे, पातळ भिंतीच्या पलीकडून, अगदी दूर, काहीतरी वाजलं. सवयीने तिचा हात पुसायच्या बटणावर गेला. तिथेच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि गाणं तसंच पाठवलं.

संध्याकाळी काकांचं पत्र आलं.

'रागावलो होतो, अजून थोडा आहे. पण ऐकलं. ओळीआधी आता कुणी नाही, ते कळलं. एक विचारतो. गाणं संपल्यावर, तार विरताना, मागे एक बारीक शिट्टी येते. नऊ वर्षांत तुमच्या कुठल्याच गाण्यात ही ऐकली नव्हती. खिडकी वाजते का?'

भिंतीपलीकडे मशीन सुरू होतं. धाकटीने दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा पाठवलं.

'खिडकी नाही, काका. तो दादा आहे. इतकी वर्षं मीच त्याला पुसत होते.'