पेडगावच्या पंगतीतली पत्रावळ

बोरीच्या छबूबाईनं एकदा महादेवाला शब्द दिला होता, म्हणून मी जन्माला आले. मी पत्रावळ बोलतेय. पळसाची, सात पानांची.

त्याचं असं झालं. छबूबाईचे मालक सुग्रीवराव मंडपवाले. गावोगावी मांडव घालायचे, पंगती वाढायच्या. एका लग्नात ते बांबूवरून खाली आले आणि तीन महिने खाटेवर पडून राहिले. तेव्हा छबूबाई देवळात जाऊन म्हणाली, "देवा, हे आपल्या पायानं चालू दे. चातुर्मासात मी ताटात जेवणार न्हाई, पळसाच्या पानावर जेवीन."

सुग्रीवराव चालू लागले आणि बाईनं नेम धरला तो कायमचाच. मांडवामागं थर्माकोलच्या प्लेटांचा ढीग साचायचा, आणि मंडपवाल्याचीच बायको कोपऱ्यात पत्रावळ मांडून बसायची. बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा बायांनो, हसल्यानं जेवण पचतं."

माझी पानं जिंतूरकडच्या माळावरची. ती तोडली कडूबाईनं. ही छबूबाईची शेजारीण. तिनंच मला सावलीत वाळवलं, दगडाखाली दाबलं, पाण्याचा हबका मारून मऊ केलं आणि बारीक काड्यांनी टाचलं. तिचा हात भरभर चालायचा, पण तोंडावर काळजी असायची. दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची, ती थेट पाडव्याला परत. सोबत लेक ज्ञानेश्वरी. पोरगी यंदा सातवीत. दरवर्षी सहामाहीनंतर तिची शाळा सुटायची.

यंदा मात्र गणपती बसले होते तेव्हा ऋतिका नावाची एक मुलगी बोरीला आली. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत ती मेळावे भरवायचं काम बघायची. पेडगावला सहाशे शेतकऱ्यांचा मेळावा घ्यायचा होता.

"काका, आमच्या कंपनीनं नेट झिरोचा शब्द दिलाय," ती म्हणाली. "म्हणजे आपण हवेत जेवढा धूर-वायू सोडतो तो कमी कमी करत न्यायचा, उरेल तो भरून काढायचा. बाकी शून्य. म्हणून जनरेटर नको, फ्लेक्स नको, थर्माकोल नको, पाण्याच्या बाटल्या नकोत."

सुग्रीवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग ताई, मेळावा करायचा का उपास?"

"उपासच समजा की!" छबूबाई आतून चहा घेऊन आली. "ह्या ताईंच्या कंपनीनं नेम धरलाय. नेमाला काय लागतं ते आपल्या घरात हाय सगळं."

ऋतिकानं आणखी एक गोष्ट सांगितली. पानात टाकलेलं अन्न कुजतं, त्याचाही वायू होतो. म्हणून जेवणं झाली की उष्टं वजन करायचं. वीस किलोच्या आत राहिलं तर पाडव्यापर्यंतचे अकरा मेळावे सुग्रीवरावांचे. जास्त भरलं तर ते काम दुसऱ्या मंडपवाल्याला.

कडूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "काकू," ती हळूच म्हणाली, "अकरा मेळावे म्हंजी किती पत्रावळी?"

"लय," छबूबाई म्हणाली. "तुला कुठं जायला सवडच व्हायची न्हाई."

त्या दिवसापासून कडूबाईच्या हाताला वेगळाच वेग आला. मी त्याच दिवसांतली.

मेळाव्याला मांडव असा सजला की बघत राहावं! धुतलेल्या धोतरावर गेरूनं कंपनीचं नाव लिहिलेलं. पाण्याला माठ, गळ्यात ओली फडकी गुंडाळलेले. कनाती वर गुंडाळल्या, तर वारा फुकटात आला.

पंगती दोन, तीनशे-तीनशेच्या. मी दुसरीसाठी राखलेल्या थप्पीत सगळ्यात वर होते, म्हणून पहिली मला डोळे भरून बघता आली.

तिथंच घोटाळा झाला. सुग्रीवरावांचा आग्रह पंचक्रोशीत मशहूर. माणूस पत्रावळीवर आडवा झाला तरी ते बोटांच्या फटीतून लाडू सोडणार. "अहो घ्या, एका लाडवानं काय होतंय! माझ्या पंगतीतून माणूस अर्धपोटी उठला तर मी मंडपवाला कसला?" लोक हसायचे, घ्यायचे आणि निम्मं तसंच टाकून उठायचे.

काट्यावर उष्टं चढलं. पंधरा किलो. एकाच पंगतीचं!

ऋतिकानं आकडा वहीत लिहिला. कडूबाईच्या हातातली बादली खाली टेकली. तिनं पदरानं तोंड पुसलं. छबूबाईनं ते पाहिलं. जन्मात कधी माईकला हात न लावलेली बाई तरातरा गेली आणि तिनं बॅटरीवरचा माईक हातात घेतला.

"भावांनो, आजच्या जेवणापुरता एक नेम करा. भूक असंल तेवढंच घ्या, पण पानावर शीत ठेवू नका. तुमच्या सोडलेल्या घासापायी आमच्या एका लेकीची शाळा सुटायलीय. आन् आमचे मालक वाढायला आले की त्यांचा हात धरा. पाप लागलं तर मला लागू द्या."

मांडव खदखदून हसला. बाईनं सुग्रीवरावांच्या हातातलं लाडवाचं ताट काढून घेतलं आणि पाण्याची झारी दिली. "ही घ्या, आता करा आग्रह!"

दुसऱ्या पंगतीत मी मांडले गेले तात्यारावांपुढं. पेडगावचे म्हातारबाबा, तोंडात चारच दात. त्यांनी भात-वरण सावकाश, मनापासून खाल्लं. तेवढ्यात झारी घेऊन आलेल्या सुग्रीवरावांना राहवलं नाही. त्यांनी खिशातून एक लाडू काढून माझ्यावर ठेवलाच!

"सुग्रीवराव! बायकोनं बजावलं ना?"

"बाबा, एवढा एकच. तुमच्यावर जीव हाय म्हणून."

मला धडकी भरली. म्हाताऱ्यानं लाडवाकडं पाहिलं, छबूबाईकडं पाहिलं, मग उपरण्याच्या टोकात तो नीट बांधला. "नातीला नेतो. मंडपवाल्याचाबी मान राहिला, नेमबी राहिला." आणि माझ्यावरचं शेवटचं शीत बोटानं टिपलं. इतकी लख्ख मी झाडावरसुद्धा नव्हते हो!

दुसऱ्या पंगतीचं उष्टं भरलं साडेतीन किलो. ऋतिकानं दोनदा काटा तपासला, मग छबूबाईला मिठीच मारली. सुग्रीवराव म्हणाले, "माझ्या मांडवात इतकं कमी वाढलं आन् लोक इतके खूश गेले, असं पहिल्यांदाच बघायलोय."

आता मी सुग्रीवरावांच्या शेतातल्या खतखड्ड्यात आहे. माझ्या थोड्या बहिणी गाईनं आवडीनं खाल्ल्या. माझी शीर तेवढी उरली आहे, तीही मऊ पडली. बिलकूल दुःख नाही. इथवर आवाज येतो. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी आली आणि कडूबाईच्या दारातून रिकामी गेली. सकाळी ज्ञानेश्वरी दप्तर घेऊन बांधावरून पळते, माय मागून ओरडते, "अगं, भाकर तर घे!"

दादा, ताई, तुम्ही जेवायला बसाल तेव्हा एक करा. मोठा नको, छबूबाईसारखा छोटासाच नेम धरा. वाढणाऱ्याला विचारू द्या, आणि पुरे झालं की हसून पुरे म्हणा.