जिन्यावरून आलेला बॅण्ड

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, बासिलिया अपासा आपल्याच इमारतीत पाहुणी म्हणून आल्या. मागच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती. सामानाच्या लिफ्टने त्या थेट हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊ शकल्या असत्या. तसं न करता त्या कोपऱ्यावर टॅक्सीतून उतरल्या, भर रस्त्यातून वाजतगाजत आल्या आणि पुढच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढल्या. त्यांच्यापुढे बॅण्ड होता, मागे बीअरचे क्रेट घेतलेले हमाल. बॅण्डच्या पहिल्या रांगेत मधोमध घेरदार घागरा आणि काळी गोल टोपी घातलेली एक मुलगी ट्रम्पेट वाजवत होती.

वर लग्न होतं. ओरूरोचे बॅण्डमास्तर दॉन सालुस्तियो चोके यांनी आपली मुलगी इथल्या, एल आल्तो शहरातल्या एका टायरवाल्याच्या घरात दिली आणि हॉल घेतला तो दोन्या बासिलियांचा. दॉन सालुस्तियो दारापर्यंत सामोरे आले. त्यांनी पाहुणीला मिठी मारली, वाजवणाऱ्या एकेकाच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, ग्लासातले चार थेंब धरणीमातेसाठी जमिनीवर सांडले आणि उरलेला ग्लास पाहुणीच्या हाती दिला. मग नवरीच्या आवडीची धून मागितली. ती संपल्यावर आणखी एक मागितली आणि विहीणबाईंना घेऊन स्वतः नाचले.

त्यांचं चुकलं ते इथे, असं टायरवाल्यांच्या गल्लीत सगळ्यांचं मत आहे. स्वतः दॉन सालुस्तियोंना ते अजून मान्य नाही.

दोन्या बासिलियांचं वय एकाहत्तर. सोळा जुलै नावाच्या बाजारात फुटपाथवर शाली विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आज त्यांचं कापड समुद्रापलीकडच्या गिरण्यांत त्यांच्याच नक्षीबरहुकूम विणलं जातं, आणि कुठल्या साली बायका कोणत्या रंगाची शाल घेणार हे फेब्रुवारीत त्या ठरवतात. पुढच्या दातावर सोन्याचा तारा आहे. बँकेतही त्या नाचाच्या पोशाखात जातात. एकदा मॅनेजरने विचारलं, आज कुठला सण? त्या म्हणाल्या, "तुझा. मी आले ना." त्यांची इमारत नारिंगी आणि पोपटी आहे, गोल काचांचे दोन डोळे रस्त्याकडे रोखलेले. तळाला दुकानं, वर हॉल, त्यावर भाडेकरू आणि सगळ्यात वर, उतरत्या छपराचं त्यांचं स्वतःचं घर. समोरच्या हार्डवेअरवाल्याने आधी नावं ठेवली, मग त्यांच्याच गवंड्याला बोलावून स्वतःची इमारत जांभळी करून घेतली. आता अख्खा रस्ता तसा आहे.

शनिवार-रविवारी हॉल लग्नांना जातो. मंगळवारी तिथे नाटकवाले तालीम करतात, फुकट. पुढच्या खुर्चीत बसून दोन्या बासिलिया निवांत झोपतात आणि शेवटी सगळ्यात आधी टाळ्या वाजवतात. नाटकवाल्यांना कपडेही त्यांच्याच गोदामातल्या उरल्यासुरल्या ताग्यांतून मिळतात, त्यामुळे त्यांच्या नाटकात भिकारीसुद्धा जरीचा कोट घालून भीक मागतो. आमच्या पेपरच्या नाट्यसमीक्षकाने यावर टीका केली होती. पुढच्या प्रयोगाला त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली आणि तिच्यावर घडी करून ठेवलेला तसलाच एक कोट.

हॉलचं छत रंगवणाऱ्या चित्रकाराने इयिमानी पर्वत काढला आणि वर ढग काढले. त्यांनी ढग पुसायला लावले. "ढग बाहेर फुकट आहेत. मी पैसे देते ते सोन्याच्या रंगाचे." चित्रकार रुसून महिनाभर आला नाही. नंतर आला आणि सोनं लावलं. आज त्याच्याकडे दोन वर्षांचं काम आहे, सगळं सोनेरी.

बुधवारी आणि गुरुवारी हॉल वाजवणाऱ्या पोरांचा असतो. लग्नात ट्रम्पेट वाजवणारी ती मुलगी, सेवेरिना तोला, तिथेच तयार झाली. वडील मिनीबस चालवतात. तिचं वय तेवीस. तिची ट्रम्पेट मिरवणुकीच्या गोंगाटातही रस्त्याच्या पलीकडे ओळखू येते, हे तिला न आवडणारेही कबूल करतात. तिला एकच गोष्ट हवी होती: सोळा जुलैला, शहराची रक्षक देवी कार्मेनच्या मातेच्या मिरवणुकीत, दॉन सालुस्तियोंच्या मोठ्या बॅण्डबरोबर पहिल्या रांगेत वाजवायचं. त्या बॅण्डच्या पितळी वाद्यांत आजवर बाई उभी राहिलेली नाही. आणि त्या रांगेत उभं राहिलेल्याला पुढे वर्षभर देशातल्या कुठल्याही बॅण्डमध्ये जागा मिळते.

यंदाच्या उत्सवाच्या यजमानीण दोन्या बासिलिया. नाचणाऱ्या मंडळासाठी बॅण्ड त्यांनीच ठरवला होता. मे महिन्यात त्यांनी दॉन सालुस्तियोंपुढे सेवेरिनाचा विषय काढला.

"बॅण्ड तुमचा, दोन्या," दॉन सालुस्तियो म्हणाले. "पण रांग माझी. आमचा माणूस बसमध्ये झोपतो, सहा-सहा जण एका खोलीत राहतात. पोरीचा बाप मला काय विचारेल?"

"तिचा बाप मिनीबस चालवतो. बसमध्ये कसं झोपतात ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"रांग माझी," दॉन सालुस्तियो पुन्हा म्हणाले. विषय तिथेच संपला, असं त्यांना वाटलं.

लग्नाच्या शनिवारी दोन्या बासिलियांनी आणलेला बॅण्ड म्हणजे आहेर होता. आमच्याकडे आहेर जसा येतो तसा परत जातो. कुणी बीअर आणली तर त्याच्या घरच्या कार्याला बीअर, कुणी बॅण्ड आणला तर बॅण्ड. लिहून कोणी ठेवत नाही, पण विसरतही कोणी नाही. दोन्या बासिलियांच्या घरचं पुढचं कार्य म्हणजे सोळा जुलै. आणि त्यांनी दिलेल्या बॅण्डच्या पुढे बाई होती.

मंगळवारी सकाळी दॉन सालुस्तियो हॉलच्या उसन्या काचेच्या सुरया परत करायला दुकानात आले. बरोबर पत्नी दोन्या इलारिया होत्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, कापणारी माणसं होती, आणि दोन्या बासिलिया ताग्यांच्या ढिगावर बसून मक्याचं गरम पेय पीत होत्या.

"सुरया मोजून घ्या," दॉन सालुस्तियो म्हणाले.

"कशाला? फुटली असेल तर लग्नात फुटली. शुभच आहे. बसा. मग, मास्तर, सोळाला बॅण्ड आणताय ना?"

"ठरलंय ते. करार झालाय."

"तो करारातला. मी आहेराचा विचारतेय."

दॉन सालुस्तियोंनी सुरयांची पेटी खाली ठेवली. "कसला आहेर? हॉल तुमचा. पोरं तुमच्याच हॉलमध्ये वाजवतात. मला वाटलं, हॉलबरोबर बॅण्ड येतो. खुर्च्या येतात, झुंबरं येतात, तसा."

"खुर्च्या जिन्याने वाजत आल्या का?"

गिऱ्हाईक हसलं. दॉन सालुस्तियो त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कापड बघा."

"बघतोच आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "पण घाई नाही."

"हे बघा दोन्या," दॉन सालुस्तियो म्हणाले, "मालकीण आपल्या घरात पाहुणी कशी होईल? मालकिणीने वाजंत्री लावली, बरं केलं. त्याचा आहेर धरायचा तर उद्या हॉलचा दिवा लावलात तर मी तुम्हाला दिवा परत करायचा."

हा मुद्दा कच्चा नव्हता. दुकानातल्या दोघांनी माना डोलावल्या. दोन्या बासिलिया घोट घेत राहिल्या. बोलल्या त्या दोन्या इलारिया.

"सालुस्तियो, त्या पोरांच्या डोक्यावर रंगीत कागद कोणी टाकले?"

"मी टाकले. सगळ्यांवर टाकले."

"झुंबराच्या डोक्यावर टाकलेस?"

दॉन सालुस्तियोंनी खाली वाकून सुरयांची पेटी सरळ केली.

"आणि दारात जाऊन घेतलंस ते कोणाला? खुर्च्यांना?" दोन्या इलारिया पुढे म्हणाल्या. "वर धून मागितलीस. एक नाही, दोन. विहिणीला घेऊन नाचलास. मी चप्पल काढून बसले होते, सगळं बघत होते. आता मला त्या घरात मुलगी नांदवायचीय. आहेर घेऊन परत न करणाऱ्याची लेक असं तिला कोणी म्हटलं तर मी ओरूरोला परत येणार नाही. इथेच राहीन. दोन्या बासि मला वर खोली देतील."

"डोळ्यांमागची खोली रिकामी आहे," दोन्या बासिलिया म्हणाल्या. "उजेड छान येतो."

"बरं, बॅण्ड देतो," दॉन सालुस्तियो म्हणाले. "तुमची जेवढी पोरं आली तेवढी माणसं जास्तीची आणतो. पण पुढे कोण, ते मी ठरवणार."

"बीअर घेतली तर सरबत परत करता का, मास्तर? आला तसा जायला हवा."

दॉन सालुस्तियो दाराकडे वळले. टोपी घातली आणि निघाले. दारात दोन्या इलारियांनी शालीचा एक तागा उचलून रंग बघितला, बरा आहे म्हणाल्या आणि त्यांच्यामागे गेल्या.

ही बातमी दुपारपर्यंत बाजारभर झाली. संध्याकाळी सेवेरिना दुकानात आली ती रागावूनच.

"मला बीअरचा क्रेट केलंत तुम्ही," ती म्हणाली.

"क्रेटला मी इतकी वर्षं हॉल दिला नसता," दोन्या बासिलिया म्हणाल्या.

"शनिवारी मला सांगितलं असतंत तर? मला वाटलं लग्नात वाजवायचंय. मी जीव तोडून वाजवलं. आता मी त्या रांगेत गेले तर मागचे सगळे म्हणणार, ही आहेरात आली."

"म्हणू देत. माझ्याबद्दल फुटपाथवर काय काय म्हणायचे. तेच लोक आता माझ्याकडून उधारीवर शाली नेतात."

"तुमचं वेगळं. तुम्हाला लोकांनी बोललेलं आवडतं."

दोन्या बासिलिया हसल्या, सोन्याचा तारा दिसेपर्यंत. "खरं आहे. तुला काय हवंय ते बोल."

"त्यांनी मला ऐकावं. ऐकून नको म्हणाले तर मी जाणार नाही, मग तुम्ही कितीही आहेर करा."

"ऐकलंय की त्यांनी. दुसरी धून मागितली ती कशासाठी?"

"तेव्हा ते नवरीचे बाप होते."

  दोन्या बासिलियांनी दॉन सालुस्तियोंचा नंबर काढून फोन पुढे केला. सेवेरिनाने तो घेतला नाही, स्वतःचा काढला आणि बाहेर रस्त्यावर गेली.

दॉन सालुस्तियोंनी फोन उचलला. तिने नाव सांगितलं आणि काय हवं ते सांगितलं. ते म्हणाले, उभं राहून कोणीही वाजवतं, मिरवणूक चढावर असते. तिने फोन सोबत आलेल्या भावाच्या हातात दिला, पिशवीतून ट्रम्पेट काढली, त्याला पुढे उलट्या पावलांनी चालायला लावलं आणि बाजारापासून वरच्या चौकापर्यंतचा सगळा चढ वाजवत चढली. चार हजार मीटर उंचीवरच्या इथल्या विरळ हवेत तो चढ नुसता चढतानाही लोक मध्ये थांबतात. पपईचा रस विकणारीने तिला ग्लास पुढे केला, तिने मान हलवून नको म्हटलं. चौकात पोचून तिने शेवटचा लांब सूर धरला. पलीकडच्या मिनीबसवाल्यांनी इंजिनं बंद केली. त्यातला एक तिचा बाप होता, असं म्हणतात. तो स्वतः नाही म्हणतो.

तिने भावाकडून फोन परत घेतला. मग दॉन सालुस्तियो म्हणाले, "तिसऱ्या वळणाला श्वास चोरलास."

"हो," सेवेरिना म्हणाली. "ट्रक आला होता."

"ट्रक मिरवणुकीत पण येतात. बघू."

त्यानंतर त्यांच्याकडून काही निरोप आला नाही. दोन्या बासिलियांनी विचारलं नाही. त्यांनी मंडळाच्या बायकांसाठी मोरपंखी शाली वाटल्या, त्यांचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत लपवला आणि नाटकवाल्यांना मिरवणुकीत जरीचे कोट घालून पुढे चालायला सांगितलं. सेवेरिनाने निळा घागरा इस्त्री केला आणि दॉन सालुस्तियोंच्या बॅण्डमध्ये घालतात तशी काळी पॅण्टही इस्त्री केली. काय घालायचं ते ठरलेलं नाही.

आज सोळा जुलै. सकाळी सहापासून रस्त्यावर खुर्च्या मांडल्या आहेत. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, चौकातल्या कारंज्यात बर्फ आहे. दोन्या बासिलिया इमारतीच्या डाव्या डोळ्यात, काचेमागे, पूर्ण पोशाखात बसून शेंगदाण्याचं सूप पीत आहेत आणि खाली दिसेल त्याला हात करत आहेत. त्यांना विचारलं, दॉन सालुस्तियो मानतील का? त्या म्हणाल्या, "मानतील किंवा नाही मानणार. बॅण्ड तर येतोय." आणि सूप छान झालंय म्हणाल्या, घेऊन जा.

ओरूरोचा रस्ता जिथे शहरात शिरतो, त्या सेंकाताच्या नाक्यावर सेवेरिना आहे. ट्रम्पेट पिशवीत आहे. बाप मिनीबस कडेला लावून तिच्या शेजारी उभा आहे. दोघांनी मिळून एक पाव संपवला आहे.

ओरूरोच्या बसने सव्वासहाला वाटेतलं पाताकामाया गाव सोडलं. तिथे चहाला थांबलेल्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं की बस भरलेली आहे, ट्रम्पेटवाले पुढे बसले आहेत आणि पहिल्या बाकावर खिडकीच्या एका जागेवर मास्तरांनी कोणाला बसू दिलेलं नाही. तिथे त्यांनी आपली टोपी ठेवली आहे. जागा कोणासाठी आहे, ते ड्रायव्हरला ठाऊक नाही. दॉन सालुस्तियोंचा फोन बंद लागतो. सात चाळीसला बस सेंकाताच्या अलीकडच्या वळणावर दिसत होती.