वर पाणी न्यायचं नाही

साइटवर तिला सगळे घार म्हणायचे. सकाळी साडेसातला ती दोनशे चौसष्ट पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसायची आणि संध्याकाळी साडेपाचला उतरायची. मधल्या दहा तासांत खाली यायचा तो फक्त तिचा आवाज, वॉकीटॉकीतून. खाली उभं राहून हाताने खुणा करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणत. तिच्याशी माणसासारखं बोलायचा तो एकटाच. बाकीच्यांच्या लेखी घार म्हणजे सळया आणि काँक्रीटची बादली पोचवणारा हूक. हुकाला कुठे पोट असतं?

काम शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लिव्हर नंतर शीक. आधी कोरडं राहायला शीक. उतरायला सात मिनिटं, चढायला बारा. संडास पार गेटजवळ. तू मुतायला उतरलीस की ऐंशी माणसं हात बांधून उभी. वर पाणी न्यायचं नाही."

पुरुष ऑपरेटर वर रिकामी बाटली नेऊन भागवत. तिच्यासाठी तीही सोय नव्हती. केबिनला चारी बाजूंनी काच आणि सुरक्षेच्या नावाखाली आत डोक्यावर कॅमेरा. तेव्हा ती कोरडं राहायला शिकली. नुसती शिकली नाही, पटाईत झाली. आदल्या संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. काकडी नाही, संत्रं नाही, दही नाही, डाळीचं पाणी नाही. लोक डब्यात काय आवडतं ते नेतात, ही कशाने लघवी लागत नाही ते न्यायची. नवरा बेकरीत भट्टीवर होता. तो तिच्यासाठी मुद्दाम दोनदा भाजलेले टोस्ट आणायचा, हाडासारखे कडक. सोबत खारे शेंगदाणे, दोन उकडलेली अंडी. घसा सुकला की ती तोंडात लवंग धरायची. अकरा वर्षांत मधेच खाली उतरले नाही, हे ती मान ताठ करून सांगायची.

मग कंपनीने आरोग्य सप्ताह काढला. कोऱ्या करकरीत टी-शर्टातला एक प्रशिक्षक आला. सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून त्याने उड्या मारायला लावल्या. ज्यांचे गुडघे सिमेंटची पोती वाहून वाहून निकामी झाले होते त्यांनाही लावल्या. मग वजनं झाली, नाड्या मोजल्या. घारीच्या पोटऱ्या बघून गडी खूश.

"हिच्याकडे बघा जरा! रोज अख्खी शिडी चढते. पोट आहे का कुठे? याला म्हणतात तंदुरुस्ती!"

"पोट आहे की साहेब," मागून कोणीतरी बोललं, "वर ठेवून येते ती." सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो गेटवर लागला. खाली लिहिलं होतं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. प्यालेलं टाकायचं कुठे, ते कोणी लिहिलं नव्हतं.

त्याच सप्ताहात रक्त-लघवीची तपासणी होती. तिने बाटलीत तळ जेमतेम झाकेल एवढी दिली, काळ्या चहाच्या रंगाची.

"ताई, एवढीच?" नमुने घेणारी म्हणाली.

"एवढीच असते माझी. काटकसरीचा संसार आहे."

नमुने घेणारी हसली नाही. चार दिवसांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"पाणी किती पिता?"

"सकाळी घोटभर. गोळीपुरतं."

"कसली गोळी?"

"कंबरदुखीची. डाव्या बाजूला सारखी ठणकते. बसून बसून होतं तसं."

"किती वर्षं घेताय?"

"असतील चार."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ती कंबर नव्हती दुखत, मूत्रपिंड दुखत होतं. डावीकडचं. खड्याने वाट अडवली, मूत्र मागे तुंबून राहिलं, वर या गोळ्या. ते आता आक्रसून निम्मं झालंय. परत यायचं नाही. उजव्यातही खडे आहेत, पण ते चालतंय. ते सांभाळलंत तर निभेल. नाहीतर चार-पाच वर्षांत मशीनवर रक्त धुवायला यायचं, आठवड्यातून तीनदा."

"अहो, पण मी रोज दोनशे चौसष्ट पायऱ्या चढते."

"चढा ना. पाय उत्तमच आहेत तुमचे. मूत्रपिंडाला त्याचं काय? त्याला पाणी लागतं. दिवसभर थोडं थोडं प्यायचं आणि दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं. धरून ठेवायचं नाही. ती गोळी आजपासून बंद. खारे दाणेही बंद."

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली. सकाळी एकदा, दुपारी एकदा खाली उतरायची परवानगी मागितली. तो फोनवर बोलत होता, बोलता बोलताच हसला.

"अहो बाई, तुमचा फोटो लावलाय गेटवर. तुम्हीच आजारी पडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं? गुरुवारचा स्लॅब होऊ द्या, मग बघू."

अकरा वर्षं ती हेच ऐकत होती. स्लॅब झाला की पुढचा स्लॅब असतो. इमारत वर जात राहते आणि माणूस आतून सुकत जातो. त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

घरी नवऱ्याने रिपोर्ट वाचला. कळलं काहीच नाही. मग तिने सांगितलं. त्याने हातातली टोस्टची पुडी खाली ठेवली.

"मीच भाजत होतो गं."

"मीच सांगत होते."

"अगं, पण मी एकदा तरी विचारायला नको होतं का, एवढे कडक कशाला लागतात म्हणून?"

 तिने उठून माठातलं पाणी तांब्याभर घेतलं आणि त्याच्यासमोर उभ्याने संपवलं. संध्याकाळचे आठ वाजले होते. सातनंतर प्यालेलं तिचं अकरा वर्षांतलं ते पहिलं पाणी.

गुरुवारी त्याने डबा भरला. दही घातलेला मऊ भात, काकडी, सोललेलं संत्रं. शेजारी पाण्याची मोठी बाटली.

"एवढं घेऊन वर जाणार?"

"जाणार."

"आणि मग?"

"मग उतरणार."

स्लॅब साडेआठला सुरू झाला. खाली काँक्रीटचे मिक्सर रांगेत, वर माणसं फावडी घेऊन उभी. ती बादली उचलायची, फिरवायची, टेकवायची आणि मधे दोन घोट घ्यायची. दहा वाजता पोटात ओढ सुरू झाली. तिने सवयीने मांड्या आवळल्या आणि तिथेच स्वतःवर चिडली. हेच. हेच करत आलीस तू!

साडेदहाला तिने भरलेली बादली नीट रिकामी करवली आणि हूक वर घेतला. केबिन सोडताना करतात तसा क्रेनचा आडवा हात ब्रेक सोडून वाऱ्यावर मोकळा केला. मग वॉकीटॉकी उचलला.

"काका, मी खाली येतेय."

"काय झालं गं पोरी?"

"लघवी लागलीय."

मध्ये मुकादमाचा आवाज घुसला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? चार मिक्सर उभेत! माल घट्ट होईल! अर्धा तास कळ काढा!"

"अकरा वर्षं काढली," ती म्हणाली आणि दार उघडून शिडीवर पाय ठेवला.

सात मिनिटं ती उतरत होती. ओढ इतकी होती की पायरीगणिक दात आवळावे लागत. मिक्सर गुरगुरत नुसते फिरत होते. ती उतरली, वाटेतल्या माणसांकडे न बघता गेटपर्यंत चालत गेली, मोकळी झाली. भिंतीला डोकं टेकून तशीच बसून राहिली. रडू आलं. पाणी प्यावं आणि टाकावं, एवढंच करायला तिला अर्धी साइट थांबवावी लागली होती.

परतली तेव्हा मुकादम शिडीच्या तोंडाशी उभा होता, लालबुंद.

"उद्यापासून दुसरा ऑपरेटर बघतो मी."

"बघा. त्यालाही लघवी लागेल."

मागे कोणी हसलं नाही. सळया बांधणारी दोन माणसं हातातलं काम टाकून बघत होती. मुकादमाने एकदा वर रिकाम्या केबिनकडे पाहिलं, एकदा मिक्सरकडे. आज तरी वर जाणारं दुसरं कोणी नव्हतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. उद्याचं त्याच्या हातात होतं.  पण तिने काकांच्या हातातला पाण्याचा गडवा मागून घेतला आणि घाई न करता, घोट घोट करत, मुकादमाच्या डोळ्यांदेखत रिकामा केला.

"काका, एक वाजता परत येते. बादली तेवढी त्याआधी मोकळी करून घ्या."

"घेतो पोरी," काका म्हणाले आणि मिक्सरवाल्यांकडे वळून मोठ्याने ओरडले, "ऐका रे! एकला अर्धा तास थांबायचं आहे!"

तिने शिडी धरली. डाव्या बाजूला ठणका होताच. पोटात पाणी हिंदकळत होतं, त्यामुळे आज चढायला पंधरा मिनिटं लागली.