जागच्या जागी

"माह्या मायची संदूक का मी उंदरायले दाखवाले देल्ली?" पितळी घंगाळावर फडकं मारता मारता हिरीबाई मंजूच्या कानाशी पुटपुटली. "दिवाळी गेली, संक्रांत गेली. मांगच्या खोलीत पोत्याखाली पडून हाय. घेतानी मोठे फोटो काढले यायनं."

 मंजूनं हातातली समई पुसली आणि तिच्या पांढऱ्या गोलात नेमकी ठेवली.

गोल चुन्याचा होता. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूभोवती तशी रेघ होती, कबड्डीचं मैदान आखतात तशी. जात्याभोवती गोल, पाट्याभोवती लांबट, पेरणीच्या तिफणीभोवती तिच्यासारखीच पसरट. पाहायला येणाऱ्यांना ती रांगोळी वाटायची. एका बाईनं तर सण कोणता म्हणून विचारलंही होतं. सण कोणताच नव्हता.

शेलूबाजारच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं हे पत्र्याचं जुनं गोदाम. खाली मातीची जमीन. छतात मधे मधे प्लास्टिकचे पत्रे, त्यातून ऊन गाळलेल्या दुधासारखं आत उतरायचं. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की आतली सगळी भांडी हळूच किणकिणायची, झोपेत कोणी कूस बदलावी तशी. पाटीवर 'लोकजीवन वस्तुसंग्रहालय' असं लिहिलेलं. लोक म्हणायचे 'जुन्याचं घर'.

पगारी माणूस एकही नव्हता. संस्थेचे अध्यक्ष दौलतराव किल्ल्या सांभाळायचे आणि कोणाच्या चहात साखर किती ते ध्यानात ठेवायचे. संस्था चालवायला याहून जास्त काही लागत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. बाकी सगळं पाळीवर. सोयाबीन काढणीला आलं की हिरीबाईची पाळी मंजू घ्यायची. लगीनसराईत मंजूच्या मशीनवर ब्लाऊज साचले की तिची पाळी राजपाल घ्यायचा.

वस्तूंची माहिती सांगायचं काम मात्र एकट्या ग्यानबा मामांचं. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते दारात उभे राहायचे आणि आलेल्या लोकांना सवयीनं आत ढकलायचे, "पुढं चला, पुढं चला, मंधात थांबू नका." मग एकेका वस्तूवर हात ठेवून बोलायला लागायचे. ते बोलायला लागले की जात्यातून खरंच पीठ पडतंय असं वाटायचं.

मंजूला इथं आणलं ते त्यांनीच. तिचा नवरा गेला त्या वर्षी ती मशीनवर बसायची आणि पायच हलायचा नाही. मामा पँट आखूड करून घ्यायला आले होते. म्हणाले, "तू तिकडं येऊन बसत जा. काई करू नको. निस्त्या चिजा बसून राह्यतेत तिथं, कोनी त्यायले काई म्हनत नाई." ती गेली आणि महिनाभर जात्याशेजारी बसून राहिली. कोणी काही विचारलं नाही. चहा मात्र रोज आला. मग एक दिवस तिनं आपणहून फडकं उचललं.

रेघांची गोष्ट त्यानंतरची. मामा अकोल्याला डोळे दाखवून आले. "काय म्हने डॉक्टर?" दौलतरावांनी विचारलं. "ठीक हाय म्हने," मामा म्हणाले, आणि चहाच्या कपासाठी हात पुढं केला तो कपाच्या चार बोटं अलीकडंच थांबला. दौलतरावांनी कप हाताखाली सरकवला. बस, तेवढंच.

त्यानंतर कोणी कोणाशी काही बोललं नाही. पण राजपालनं चुन्याची भुकटी आणली आणि सगळ्या वस्तू आखून टाकल्या. म्हणे झाडताना इकडंतिकडं होते. दौलतरावांनी नव्या आलेल्या वस्तू मांडणं थांबवलं. म्हणे लाईटचं काम व्हायचं आहे. मामांची बायको भागिरथा त्यांना फाटकापर्यंत सोडायला येऊ लागली. म्हणे इकडं मेथी चांगली भेटते. फाटकापाशी मेथी आजवर कोणी विकलेली नाही.

आणि मंजू? ती फडकं घेऊन मामांच्या दोन हात मागं असायची. पाहुण्यांनी वाटेत ठेवलेली पिशवी उचलायची, लेकरू आडवं आलं तर बाजूला घ्यायची. मधल्या खांबापाशी तिला हमखास खोकला यायचा, आणि खोकला आला की मामा डावीकडं वळायचे.

मामांना सांगितलं तर काय होईल ते तिला माहीत होतं. ते "बरं" म्हणतील, टोपी नीट करतील, भागिरथामावशीबरोबर घरी जातील आणि परत येणार नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना जागा करून दिलेला माणूस; आपल्यासाठी कोणी उठावं हे त्यांना खपायचं नाही. घरी बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसतील. असं बसणं कसं असतं ते मंजूनं बसून पाहिलं होतं.

म्हणून काही हलत नव्हतं. दुपारी तर जुन्याच्या घरात वेळसुद्धा पाय न वाजवता चालायचा. एकदा जात्याशेजारी मंजूचा डोळा लागला. तिला दिसलं, घंगाळ, समई, तिफण, सगळं आपापल्या रेघेवरून वीतभर वर तरंगतंय, आणि मामांचा हात जिथं जिथं येतोय तिथं एकेक वस्तू अलगद खाली बसतेय, हाताला बरोब्बर लागेल अशी. कुठून तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. जागी झाली तर मामा समोरच उभे.

"लय दिवस झाले मंजू, इथं कोनी काई हलवलं नाई."

"हो मामा."

"चांगलं हाय." ते थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. "पन चिजायले कटाळा येत असंन."

 मंजूनं पुसलेलंच जातं पुन्हा पुसलं.

मग हिरीबाईची रिसोडची बहीण यायची ठरली, जीपभर माणसं घेऊन, मायची संदूक पाहायला. हिरीबाईनं दौलतरावांकडून आदल्या दिवशीच किल्ली नेली. राजपाल सासुरवाडीच्या माणसांबरोबर पोहरादेवीला गेलेला. सकाळी मंजू आत शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. जमीन शेणानं सारवलेली. ओलसर, हिरवट, आरशासारखी सपाट. रेघ एकही नाही.

"पाहुने येतेत," हिरीबाई कोपरापर्यंत भरलेले हात धूत म्हणाली. "बिनसारवनाचं घर दाखवू का त्यायले?"

वस्तू तिनं पुन्हा मांडल्या होत्या, मोठ्या मायेनं, जशा बऱ्या दिसतील तशा. तिफण कोपऱ्यात गेली होती. तिच्या जागी, बरोब्बर मधोमध, पितळी फुल्यांची संदूक.

हिरीबाईला माहीत नव्हतं असं नाही. मामांचं गुपित राखणाऱ्यांत तीही होती. पण पाहुणे म्हटले की हात आधी शेणात जातात, डोकं मागून येतं. मंजूचा चेहरा पाहिला तेव्हा ते आलं. तिनं ओला हात तोंडावर ठेवला.

"मंजू वं, माह्या ध्यानातच…"

"उचला काकी, तिकडून धरा."

दोघींनी संदूक धरली. ती हलेना; सकाळी ती आणायला चार गडी लागले होते. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. फाटकातून मामा येत होते, पाठीमागून माणसं उतरत होती, आणि दारात आवाज घुमलाच, "पुढं चला, पुढं चला."

ते समईपाशी थांबले. हात हवेत गेला, मग थोडा खाली, मग सापडली. समईबद्दल बोलले. बायका ऐकत होत्या, कोणी हसली. घंगाळ वीतभर सरकलेलं होतं, तेही सापडलं. खांबापाशी मंजूला खोकला आला. मामा डावीकडं वळले, मोजून पावलं टाकल्यासारखे चालले आणि संदुकीवर हात ठेवून म्हणाले, "आता ही तिफण. हिचं लाकूड बाभळीचं…"

हात थांबला.

जीपमधून आलेल्यांपैकी एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. मामांची बोटं एका पितळी फुलीवरून दुसरीवर गेली, मग कडेपर्यंत, मग परत. "पुढं चला," ते म्हणाले, पण हळू. कोणीच हललं नाही. त्यांनाही कळलं असावं की कोणी हललं नाही.

"मामा, आंदी चहा घेऊ," पाहुण्यांमागून आत आलेले दौलतराव म्हणाले.

"भाऊ, ते… मीच सकाळी…" हिरीबाई मामांना म्हणाली आणि थांबली.

फाटकापाशी असलेली भागिरथा आत आली होती. आज तिनं मेथीचं नाव काढलं नाही. बाहेरून ट्रक गेला. भांडी किणकिणली, नव्या नव्या जागांवरून, आणि मामांनी मान वळवून तो आवाज ऐकला, अनोळखी गावात उतरलेला माणूस ऐकतो तसा.

तो चेहरा मंजूनं पाहिला आणि तिला वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून या माणसाला किती दिवस एकटं ठेवलं.

ती पुढं झाली. फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांच्या हाताशेजारी आपला हात संदुकीवर ठेवला.

"ही संदूक हाय, मामा. हिरीकाकीच्या मायची. तिफण कोपऱ्यात गेली, उजव्या हाताले. जातं हाय तिथंच हाय. चीज कुठं हाय ते मी सांगत जाईन, तुमी बोलत जा. घरी बसाचं नाई."

मामांचा हात टोपीकडं गेला. 

"तुमाले दिसत नाई, मामा," मंजू म्हणाली. "आमाले सगळ्यायले ठाऊक हाय."