घरातल्या बोथट सुऱ्या

दिवसभर सत्तुराने हाडं फोडणारा सहा फुटी खाटीक घरी आला की काकडी चिरायला घाबरायचा. हसू येतं ना? हसा खुशाल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुकानात तो कोपरापर्यंत रक्ताने माखायचा, तरी मन शांत असायचं. घरात पाऊल टाकलं आणि सहा वर्षांची लेक, सगळ्यांची पिटुकली, पायाला बिलगली, की डोक्यात चित्र उभं राहायचं : आपल्या हातात सुरी, तिचा कोवळा गळा, फरशीवर थारोळं. जनावर कसं कापतात हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून चित्रही पक्कं दिसायचं, पहिल्या कापापासून शेवटच्या आचक्यापर्यंत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही. तो मोरीत जाऊन ओकायचा.

मग त्याने स्वतःच उपाय शोधला. घरातली एकूण एक सुरी मागच्या पायरीच्या दगडावर घासून बोथट केली. रोज आल्या आल्या पात्यांवरून अंगठा फिरवून बघायचा. वर बायकोला विचारायचा, "अगं, मी तसलं काही करणार नाही ना?" ती म्हणायची, "नाही हो." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दिवसातून चाळीस वेळा ती बिचारी "नाही हो" म्हणायची.

शेवटी तिनेच त्याला दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विचारांचा आजार आहे. तुम्ही खुनी नाही. हे मी एकदाच सांगणार, पुन्हा विचारलंत तरी सांगणार नाही. आणि वहिनी, तुम्हीही सांगायचं नाही." मग गृहपाठ दिला. लेकीला शेजारी बसवून भाजी चिरायची. विचार आला तर पळायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही. 'असेल, नसेल' म्हणायचं आणि चिरत राहायचं.

सुऱ्या बोथट आहेत, हे मात्र त्याने बाईंना सांगितलंच नाही.

पहिले दोन आठवडे तो घामाने भिजून निघाला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी चित्र आलं, गळा, रक्त, सगळं आलं, पण छाती धडधडली नाही. त्याने दोन काकड्या चिरल्या. आणि मग अंगावर वीज पडली. भीती का नाही वाटली? बापाला भीती वाटायला नको? म्हणजे आपण आतून तयार झालो?

त्याने सुरी फेकली आणि मोरीचं दार आतून लावून घेतलं. "हिला घेऊन तुझ्या बहिणीकडे जा!" तो आतून ओरडला. "आजच जा. परत आणू नकोस!"

"अहो, बाहेर या."

"मी कापणार नाही ना तिला? सांग! एकदाच सांग!"

बायकोच्या ओठांवर आलेलं "नाही हो" तिने गिळलं. संतापून बॅग भरली. पोरीला वाटेत खायला घारगे करून न्यावेत म्हणून भोपळा चिरायला घेतला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. सुरी सालीत रुतेना. तिने अंगाचा भार टाकला, पातं सटकलं आणि डाव्या तळव्यात घुसलं.

किंकाळी ऐकून तो धावत आला. फरशीवर थारोळं होतं. पिटुकली त्यात उभी राहून रडत होती. चित्र जसंच्या तसं समोर होतं आणि सुरी त्याच्या पायाशी पडली होती. त्याने बायकोचा हात वर धरला, फडकं घट्ट आवळलं, लेकीला काखेत मारलं आणि तिघं दवाखान्यात पोहोचले.

सहा टाके पडले. नर्सने विचारलं, "सुरी फार धारदार होती का?"

"नाही. बोथट होती," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. दुकानात नव्या माणसाला पहिला धडा तोच द्यायचा : बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावला की ती हातावर येते.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बघितलंत ना? सुरी समोर होती, लेक समोर होती, आणि तुम्ही..."

"नको. पुढचं बोलू नकोस. एकदा ऐकलं की मला ते रोज लागेल."

त्याने दुकानातली धारेची सहाण आणली. घरातल्या सगळ्या सुऱ्यांना एकेक करून धार लावली. पिटुकली येऊन मांडीला टेकली. चित्र आलं. भीती वाटतेय की नाही हे चाचपायला मन निघालं, तो त्याच्या मागे गेला नाही. असेल, नसेल. त्याने भोपळ्यावर सुरी ठेवली आणि एका दाबात दोन फाका केल्या.

"बिया काढ गं," तो म्हणाला.

पिटुकलीने चिमुकला हात आत घातला. "बाबा, मावशीकडे कधी जायचंय?"

त्याने सुरी खाली न ठेवता दुसरी फाक पुढ्यात ओढली.

"सुट्टीत," तो म्हणाला. "आपण तिघं."